काचेतला पिवळा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सन्माननीय संभाजीराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, पिंपळीचे ग्रामस्थ, आयाबहिणी आणि आज आपल्या शाळेतून सेवानिवृत्त होणाऱ्या विज्ञानाच्या इंदिराबाई, सर्वांना या आबाजीचा नमस्कार.

बाईंच्या कार्याचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मला मात्र बाईंनी माझ्या डोक्यात जो घोळ घालून ठेवलाय, तो सांगायचाय. हसू नका, घरचा मामला हाय.

आमचा मल्हार कोचीला नोकरीला. चंपाषष्ठीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पिवळा फेटा बांधून व्हिडिओ फोनवर आला. त्याच्या आईनं, सारजानं, फोनच्या काचेवरच त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग ओल्या बोटानं पुसायला गेली, तर पाण्याचा थेंब राहिला नेमका फेट्यावर. थेंबात बघतो तर काय, नुसते लाल-हिरवे दाणे! पिवळं गेलं कुठं?

फोन घेऊन दोघं बाईंकडं गेलो. बाई म्हणाल्या, "आबा, काचेत पिवळा नसतोच. लाल आणि हिरवे ठिपके इतके बारीक, इतके जवळ, की डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. डोळाच त्यांचा पिवळा करतो."

आता मला सांगा अध्यक्षमहाराज, काचेवरचा भंडारा खरा, काचेतला फेटा खोटा, आणि दिसायला दोन्ही सारखेच पिवळे! माणसानं विश्वास ठेवायचा कशावर? सारजा तर म्हणाली, "फेटा खोटा, तर पोरगं तरी हाय का तितं?" आणि तिनं मल्हारशी बोलणंच टाकलं. त्याचा फोन वाजला की ही उठून गोठ्यात. पोरगं तिकडून विचारतंय, आई रुसली का? मी म्हणायचो, गोठ्यात गेलीय; खरं काय ते मलाच उमजत नव्हतं. लई वाईट दिवस गेले.

शेवटी बाईच घरी आल्या. म्हणाल्या, "सारजाबाई, काच नुसते ठिपके देते. फेटा पिवळा होतो तो तुमच्या डोळ्यांत." सारजा उठली आणि गोठ्यात गेली. मला वाटलं, आता ही डोळ्यांवरबी रुसतीय.

दुसऱ्या दिवशी मल्हारचा फोन तिनंच उचलला. चिमूटभर भंडारा घेतला, आणि काचेला न लावता स्वतःच्याच कपाळाला लावला. मी म्हटलं, "अगं, पोराला लाव की!"

तर म्हणती, "हितंच तर हाय त्यो."

बाई, खरं-खोटं मला अजून कळलेलं नाही. पण माझं घर पुन्हा बोलायला लागलं, त्याबद्दल तुमचे उपकार मानतो. इतका वेळ ऐकून घेतलंत, मंडळी, तुमचेही आभार. अडाण्याच्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, लेकीकडं नाशिकला गेलात तरी फोन करत जा. भंडारा आमी आमच्याच कपाळाला लावू.