अक्कांसाठी आणलेलं पाणी

मंडळी, अक्का, रुक्मिणकाकू,

आधी एक तक्रार नोंदवतो. मला दिलेल्या खुर्चीला लग्नाचं कव्हर आहे, पाठीमागं लाल साटिनची भलीमोठी गाठ. मंडपवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "लगीनसराई हाय साहेब, साधं कव्हर शिल्लक न्हाय." शोकसभेत नवरदेवासारखं बसायची वेळ माझ्यावर आली, याचा मी तीव्र निषेध करतो.

निषेध संपला. आता सुनंदाबद्दल बोलायचं आणि तेच जमत नाही. म्हणून तर त्या गाठीपाशी रेंगाळलो.

सुनंदा, आपल्या अक्कांची लेक, माझी वर्गमैत्रीण. आमची घरंही शेजारी. समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या मुरुम गावची पोर समुद्राची शास्त्रज्ञ झाली, हे गावाला कधी नीट पटलंच नाही. बँकेत लागली असती, शाळेवर लागली असती, तर कळलं असतं. "पोरगी काय करती?" "पाणी गाळती." एवढ्यावर विषय संपायचा.

मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ऐक लेखकमहाराज. मासा पाण्यातून जाताना अंगाचं काहीतरी मागं सोडतो. खवल्याचा कण, कातडीचा कण. डोळ्याला दिसत नाही. ते पाणी बारीक गाळायचं. गाळणीवर जे उरतं, त्यातल्या डीएनएवरून कळतं, इथं कोण कोण राहतंय." जाळं नाही, गळ नाही.

तिची चुलती, आपल्या रुक्मिणकाकू, शेजारी शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मासा न धरताच वळखती व्हय? मग कालवण कशाचं करती गं?"

सुनंदा म्हणाली, "काकू, हाच प्रश्न मला मोठमोठे साहेब विचारतात. फक्त इंग्रजीत."

मंडळी, इथं वक्त्याला मोह होतो. ती गेली, पण तिच्या खुणा सर्वत्र आहेत, असं म्हणून टाकावं. मी म्हणणार नाही. तिनंच सांगितलं होतं, पाण्यातली खूण फार टिकत नाही. थोड्या दिवसांत विरते. असली माणसं लई अवघड. आपल्याला खोटं बोलायलासुद्धा जागा ठेवत नाहीत.

शेवटच्या खेपेला ती किनाऱ्यावरून थेट घरी आली. सोबत पाण्याचे दोन पांढरे कॅन. सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेली. हृदय थांबलं. बोलायला वेळच मिळाला नाही.

मयत झालं की आपण घरातलं भरलेलं पाणी ओतून देतो. काकूंनी रीतीप्रमाणं ओतलं. माठ ओतला, हंडे ओतले आणि न्हाणीतले ते दोन कॅनही ओतले. नंतर कुणीतरी म्हणालं, अहो, त्यात तर तिचं संशोधन होतं.

तेव्हापासून काकूंच्या घशाखाली घास उतरत नाही. मला म्हणाल्या, "पोरीनं जल्मभर गोळा केलं, आन् म्या न्हाणीत घातलं रं."

मग मी शर्वरीताईंना फोन केला. त्या सुनंदासोबत काम करायच्या. आज त्या इथं आल्यात, अक्कांच्या शेजारी बसल्यात. काकू, त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगतो. गाळण्याचं काम तिकडं बोटीवरच झालं होतं. गाळण्या प्रयोगशाळेत आहेत, गोठवून ठेवलेल्या. तिचं काम तुमच्या हातून सांडलेलं नाही. कॅनमध्ये होतं ते गाळून उरलेलं पाणी. तिथं ते रोज फेकून देतात.

मग ती इतक्या लांब ते का घेऊन आली?

अक्का, तुमच्यासाठी. तुमचे गुडघे धरलेत, तुम्हाला तिकडं नेणं आता जमणार नव्हतं. शर्वरीताईंना ती म्हणाली होती, "अक्कानं समुद्र पाहिला नाही. निदान पाय तरी बुडवील."

संशोधन वाचलं, मंडळी. सांडलं ते हे.

शर्वरीताईंना मी एक विनंती केली होती. त्यांनी येताना एक कॅन भरून आणलाय, त्याच जागचा. सुनंदाकडून अक्कांना एवढं देणं राहिलंय. ते देऊन मी खाली बसणार आहे.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. अक्का, तुम्ही मात्र बसूनच राहा. पुढं घमेलं ठेवलंय, त्यात पाय ठेवा.

काकू, या इकडं. कॅन जड आहे, मी खालून धरतो. ओता तुम्ही.