वरातीची गाडी

राहुरीच्या पेट्रोल पंपावर माझ्यापुढं जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती. चालवायला एक तरुणी, शेजारी तिची आत्या.

"निकिता, माझ्या ओमच्या वरातीला ही गाडी दे गं. लई उठून दिसंल."

"मी रोज हिच्यातून मजेत घाट चढून शाळेत शिकवायला जाते, तेव्हा तुम्हीच म्हणता ना, बाईमाणसाला असलं भंगार शोभत नाही?"

"ते रोजचं. हे लगीन हाय."

"म्हणजे फुलं लावली की भंगाराचं सोनं?"

"चिडू नको. फक्त चालवायला त्याचा दोस्त राम बसंल. वरातीत बाई गाडी चालवती म्हनल्यावर लोक हसतील."

"गाडी मीच चालवणार, आत्या. माझ्याशेजारी तुम्ही बसा. नवरदेव मागं बसेल. तिथं छत बसकं आहे, तेवढा फेटा काढायला सांगा त्याला."