स्मारकापाशी हसलेला उमेदवार

पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगारांच्या दवाखान्यात म्हातारा कोवालिक नंबरची वाट बघत होता. बायको गेल्यापासून तो एकटाच यायचा. समोर दोघी बोलत होत्या.

“मार्चपासून हा दवाखाना बंद होणार, डोलोरेस. माझ्या अर्लच्या छातीचं आता काय करू?”

“तो निवडून आला असता तर चालू ठेवणार होता, व्हर्ना.”

“कोण, तो दात काढणारा? खाणीत मेलेल्यांच्या स्मारकापुढे हसत होता! टीव्हीवर आठवडाभर बघितलं की सगळ्यांनी.”

“आपल्या राज्यात फक्त नऊशे मतांनी हरला तो.”

“त्यातलं एक माझं. बरं झालं.”

“मीच हसवलं होतं त्याला.”

“तू?”

“स्मारकावरचं माझ्या नवऱ्याचं, स्टॅनचं नाव दाखवलं आणि तो जेवणाचा डबा रोज घरी विसरायचा, ते सांगितलं. आधी मी हसले, मग तो. मग दोघंही रडलो. टीव्हीवाल्यांनी त्याचं हसणं तेवढं ठेवलं.”

“अगं, मग पेपरवाल्यांना सांगायचंस!”

“सांगितलं. छापलं त्यांनी, मतदान झाल्यावर.”

“निदान मला तरी?”

“तूच तर मला तो व्हिडिओ पाठवलास. खाली लिहिलं होतंस, याला मत दिलंस तर स्टॅनच्या थडग्यावर फुलं ठेवायला जाऊ नकोस.”