बॉनेटवरचं कुंकू

माझी बायको नीलम्मा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या दिवसापासून गाडी शेडमध्येच उभी होती. काल मी ती धुवायला बीडला, अजीजच्या गॅरेजात नेली. माझ्या आधी एका नवराबायकोची पांढरी गाडी होती.

"अजीजभाई, हा लाल डाग बघा. दसऱ्याला हिनं तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं."

"अवं, कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतंय. मग तेल नको?"

"डाग निघाला न्हाई, तर ह्या दसऱ्याला नुसता हार. कुंकू बंद!"

"आन् निघाला तर?"

"तर गाडीभर काढ."

"भाऊ, सबूर करा. पॉलिशनं डाग गेला, बघा. आता वरून सीलंट लावतो, म्हंजी रंग पुन्हा डाग धरायचा न्हाई, मग मेण."

मेण वाळल्यावर अजीजनं फडकं फिरवलं.

"अगंबाई! आरशावानी तोंड दिसतंय! अवं, वाका की. तुमचं पडलेलं तोंड बी दिसंल."

"दिसलं, दिसलं."

"अजीजभाई, कुंकू हाय माझ्या पर्समध्ये. थोडं तेल द्या."

"शिवानी, येडी झालीस का?"

"हे बघा, काढलं स्वस्तिक. आता फडकं द्या. पुसलं. हाय का डाग?"

"न्हाई."

"मोठ्यानं बोला."

"न्हाई, बाई! जिंकलीस. काढ गाडीभर!"

ती दोघं हसत गेली. अजीज माझ्या गाडीपाशी आला.

"चाचा, तुमच्या बॉनेटवर बी तसाच डाग हाय. काढू?"

मी गाडी फक्त धुवून घेतली. नीलम्मानं गेल्या दसऱ्याला काढलेल्या स्वस्तिकाचा डाग अजून काढायचा राहिला आहे.