सहीचं ठिकाण: आमचा हॉल

...आणि वर तो कारकून मलाच म्हणतो, "अभिनंदन!" अभिनंदन? तुम्हाला सांगतो, माणसाने कुणाशीही भांडावं, पण बागेतल्या बाकांसाठी भांडू नये! आठ महिने भांडलो मी. आमच्या घरासमोर बाग आहे. म्हणजे कुंपण आहे, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे, फुलं नाहीत पण पाटी आहे, आणि बसायला? शून्य! म्हातारी माणसं कठड्याला टेकून उभी, जणू कुणी शिक्षा केलीय! मी एकदा त्या कठड्यावर बसलो, तर खिळ्यात अडकून पँट टर्रकन फाटली. आईकडे नेली, तर म्हणे, "आधी गिऱ्हाईकांचं, मग घरचं." ती पँट लक्षात ठेवा हं, पुढे येणार आहे.

तर अर्ज करायचा ठरवलं. आता सह्या कुठे गोळा करायच्या? दारोदार फिरायची गरजच नव्हती! आई घरी शिवते ना. उसवलेलं, आखूड झालेलं, पोटावर बसेनासं झालेलं... संध्याकाळी पाचला आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर चार, सोफ्याच्या हातांवर दोन, दारात पाच, आणि एक काकू तर थेट माझ्या पुस्तकांवर! दोन आठवड्यांत दीडशे सह्या. आणि नुसत्या सह्या नाहीत, प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, ठिकाण! उद्या कुणी खोट्या म्हणायला नको.

आई म्हणाली, "अरे, ठिकाण कशाला लिहितोस?"

"आई, पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता!"

"बरं बाबा. तो टेप दे जरा."

पालिकेची सभा. विषय सातवा, बागेतले बाक. मी बोललो, टाळ्या पडल्या, बाक मंजूर! शहाण्या माणसाने तेव्हा घरी जायचं की नाही? मी थांबलो! विषय आठवा, घरगुती व्यवसायाचे नियम. आता आमच्या डोक्यावर व्हायोलिनचा क्लास चालतो, वीस मुलं एकदम, मांजरांचं संमेलन भरल्यासारखं! मी पुन्हा उभा. "घरात एका वेळी दोनच गिऱ्हाईकं हवीत! तिसरं दिसलं की व्यवसाय बंद!" पुन्हा टाळ्या. तोही मंजूर! तुम्ही म्हणाल, आई घरी शिवते हे तुला माहीत नव्हतं? होतं हो! पण आई म्हणजे व्यवसाय, हे कधी डोक्यात आलंच नाही. आई म्हणजे... आई!

तिसऱ्या दिवशी कारकून दारात. हातात दोन पाकिटं. पहिलं माझं, बाक मंजूर, अभिनंदन. दुसरं आईचं, नोटीस. 'मंगळवारी सायंकाळी पाच वाजता आपल्या घरी बारा गिऱ्हाईके होती. पुन्हा तिसरे आढळल्यास शिलाई कायमची बंद. पुरावा सोबत जोडला आहे.' पुरावा कुठला? माझाच अर्ज! तारीख, वेळ, ठिकाण!

कारकून म्हणतो, "अक्षर छान आहे हो तुमचं. एवढा व्यवस्थित पुरावा आमच्या खात्याला कधी मिळाला नव्हता."

आईने मशीन थांबवलं. तुम्हाला सांगतो, त्या मशीनच्या आवाजात मी बोलायला शिकलो, अभ्यास केला, पदवी घेतली. ते थांबलं ना, की घर परक्याचं वाटतं. मी ओरडलो, "मोर्चा काढू! उपोषणाला बसतो मी!" आईने दाताने दोरा तोडला आणि कारकुनाला विचारलं, "बाक कधी बसवणार?"

"सोमवारी, बाई."

"तोंड कुठल्या बाजूला?"

"कुणाचं?"

"बाकांचं! आमच्या खिडकीकडे करता येईल?"

"त्यावर... काही नियम नाही."

"आणि बागेत बसायला कुणाला बंदी?"

"छे हो, बाग सगळ्यांची!"

"मग करा तसं. आणि या बाह्या बोटांपर्यंत घालून काय फिरता? सोमवारी या, आखूड करून देते."

सोमवारी सहा बाक बसले. आई खिडकीत, गळ्यात टेप, "पुढचे दोन या!" घरात दोन, बागेत पंधरा! म्हातारी बसलीत, बाळं लोळताहेत, पहिल्या बाकावर कारकून बाह्या दुमडून... बाग एवढी भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ऊर भरून आला हो! म्हटलं, आता आपली पँट न्यावी.

दारातच आईने हात आडवा. "आत किती आहेत?"

"दोन."

"मग तू कितवा?"

"आई, मी मुलगा आहे तुझा!"

"हातात काय आहे? पँट ना? मग गिऱ्हाईक. बाहेर थांब."

"आई!"

"पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता!"

आलो बागेत. सहाच्या सहा बाक गच्च. एक आजोबा म्हणाले, "ए, नंबर लाव."

"आजोबा, हे बाक मी आणलेत!"

"तू? वा वा, पुण्याचं काम केलंस हो! सोळावा नंबर तुझा. तिकडे उभा राहा."

राहिलो उभा. त्याच कठड्याला टेकून. खिळा अजून तिथेच आहे. त्याच्यासाठी खरं तर एक अर्ज... नको! राहू दे. तेवढा काही टोचत नाही.