घटकाभराची सरपंचकी

खोटं वाटेल, पण मीसुद्धा एकदा घटकाभर सरपंच होतो. बाभुळगावला पंचायतीच्या लोकांचं शिबिर भरलं होतं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून मी नवाच मेंबर. शाळा लहानपणीच सुटलेली, चारचौघांत तोंडातून शब्द निघत नसे. मोहल्ल्याला विहीर हवी होती आणि आमचे सरपंच दरवेळी "पाहू" म्हणत.

शिकवणारे साहेब नागपूरचे. म्हणाले, "आज एकमेकांच्या जागी बसून पाहायचं." मला खुर्चीवर बसवलं. सरपंच हात जोडून समोर उभे राहिले.

"मायबाप, आमच्या बायाले पाण्यासाठी नाल्यावर जा लागते. मोहल्ल्यात एक विहीर द्या." आवाज असा लावला की साहेबांचेच डोळे पाणावले.

मी म्हणालो, "मंजूर. उद्याच खोदा."

साहेब चिडले. "अहो, हा खेळ तासभर चालायला हवा. सरपंच असा लगेच हो म्हणतो का? पुन्हा करा."

सरपंचांनीही मला समजावलं, "अबे, जरा ताणून धर न. पैसा नाही म्हण, वरून हुकूम नाही म्हण. मी काय म्हणतो थे आठव."

दुसऱ्या खेपेला मी आमचीच विहीर नामंजूर केली. सगळ्यात जोरात टाळ्या सरपंचांनी वाजवल्या.