मॉर्टनचे हात

शेफील्डच्या बॉक्सिंग हॉलबाहेर चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते.

"मॉर्टनसारखा पुन्हा होणे नाही, गॉर्डन. बिबट्याच्या ठिपक्यांचा कोट घालून यायचा, हात कमरेपाशी सोडून लढायचा. लोक काय खूश व्हायचे."

"आणि ऑल्डरसनने त्याला नवव्या फेरीत आडवा केला, ते विसरलास?"

"ऑल्डरसन सदा हात तोंडापुढे धरून लढायचा. लोक डुलक्या काढायचे, लेका."

"त्याला आज नातवंडांची नावं आठवतात. मॉर्टनला स्वतःचं घर सापडत नाही, लेस."

"आज नको ना ते."

"आजच. तुझ्या नातीला त्याच्या लढतींच्या टेपा कोणी दाखवल्या?"

"सात वर्षांची होती रे. खिदळायची बघून. काल तिला शंभरदा सांगितलंय, हात वर ठेव म्हणून."

"घंटा झाली बघ. चल आत, तिची पहिलीच लढत आहे."

"माझ्याच्याने बघवायचं नाही. तू दारातून बघ आणि मला सांग. हात वर आहेत ना तिचे?"

"थांब जरा."

"गॉर्डन, हात वर आहेत ना?"

"लोक खूश आहेत, लेस."